अठरा खिशांची पिशवी

पिशवी घरात आली तेव्हा ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे पहिली पाच मिनिटे कोणी काही बोलले नाही. नंबरवाल्यांनी या पाच मिनिटांत खोके फोडले, आतला कागद उचकटला, पिशवी बाहेर काढली आणि ती कपाटामागे सरकवून पाहिली. पिशवी कपाटामागे मावेना. तिचा एकूण आकार पाहता ती कशाच्याच मागे मावण्यासारखी नव्हती. उलट कपाटच तिच्यामागे थोडे झाकले गेले.

ताईंनी दंतवैद्याच्या खुर्चीचे कव्हर बाजूला ठेवले आणि एकेक टाचणी काढून डबीत टाकली.

“काय आहे ते?”

“पिशवी.”

“ते दिसतंय. केवढ्याला?”

नंबरवाल्यांनी आकडा सांगितला. हळू आवाजात सांगितल्याने आकडा लहान होत नाही, हे सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना माहीत असायला हवे होते.

“आपला फ्रिज याच्याहून स्वस्त होता,” ताई म्हणाल्या. “आणि त्यात बर्फ होतो.”

नंबरवाले हे अर्थातच त्यांचे नाव नव्हे. ते एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून भिंगे घासत. पाव नंबरचा फरक ते भिंग नुसते उजेडाकडे धरून सांगत, त्यामुळे रस्त्यात माणसे त्यांना थांबवून नाकावरचा चष्मा काढून त्यांच्या हातात देत आणि मग समोरचे काही न दिसता तशीच उभी राहत. असा हा अचूक माणूस. पण स्वतःसाठी त्याने आजवर काही विकत घेतले नव्हते. बूट ताई आणत, शर्ट लेक आणी आणि मोबाईल मेहुण्याने टाकून दिलेला असे. पिशवी ही त्यांची आयुष्यातली पहिली स्वतंत्र खरेदी होती, आणि पहिलीच असल्यामुळे थांबायचे कुठे हे त्यांना कळले नव्हते.

पिशवी डिस्क गोल्फची होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते, पण कुठे जायचे नसताना चालणे नंबरवाल्यांना वेडगळ वाटे. म्हणून मेहुण्याने त्यांना या खेळात ओढले. मैदानात साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपल्या उभ्या असतात. खेळाडूने लांबून प्लास्टिकची तबकडी फेकायची आणि ती टोपलीत पाडायची. तबकड्या तीन प्रकारच्या असतात: दूर जाणाऱ्या, मध्यम जाणाऱ्या आणि जवळ जाणाऱ्या. नंबरवाल्यांच्या हातून तिन्ही प्रकारच्या झुडपात जात. पण दर रविवारची सकाळ ते त्या झुडपात इतक्या समाधानाने घालवत, की महिन्याभरात रक्तदाब उतरला आणि तबकड्यांची संख्या वीसवर गेली. वीस तबकड्या भाजीच्या पिशवीतून नेणारा मैदानावर तो एकटाच माणूस होता.

“मला सांगायचं होतंत,” ताई म्हणाल्या. “मी शिवून दिली असती.”

खरे दुखणे हे होते. घराच्या पुढच्या खोलीत ताईंचे दुकान होते. दोन मशिनी, कापड बेतायचे लांब टेबल आणि रिळांनी भरलेली भिंत. बावीस वर्षे त्या पडदे, सोफ्यांची कव्हरे आणि लोकांच्या फाटक्या बॅगा शिवत होत्या, आणि त्या टेबलावर आलेली बॅग दुरुस्त न होता परत गेली असे एकदाही झाले नव्हते. अशा बाईच्या नवऱ्याने बाहेरून पिशवी आणावी ही नुसती उधळपट्टी नव्हती. तो जाहीर अविश्वासाचा ठराव होता.

“अगं, ही साधी नाहीये. अठरा खिसे आहेत.”

“तुम्हाला दोन खिशांत किल्ली सापडत नाही.”

“पाठीला हवा लागते. पाणी आत जात नाही. खाली ठेवली की आपोआप उभी राहते.”

ताईंनी सोफ्यात रुतलेल्या नवऱ्याकडे पाहिले. “चला, घरात आपोआप उभं राहणारं काहीतरी आलं. परत घेतात का?”

“सात दिवसांत. लेबल लावलेलं असलं आणि वापरलेली नसली तर.”

“मग असं करू. तुम्ही हात लावायचा नाही. मी अश्शीच पिशवी शिवते. माझी बरी निघाली तर ही परत जाईल. नाही निघाली तर ठेवा तुम्ही, मी जन्मात हा विषय काढणार नाही.”

शेवटच्या वाक्यावर नंबरवाल्यांचा विश्वास बसला नाही, पण मोह पडला. ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी फक्त एक शिवण उसवली. आतले माप घ्यायचे तर तेवढे करणे भागच होते, आणि उसवलेली शिवण परत घातल्यावर कंपनीच्या बापालाही कळणार नाही, असे त्यांनी सांगितले. पण त्या शिवणीच्या आत दुसरी शिवण होती, दुसरीच्या आत फोम होता, आणि फोमच्या मागे एक चपटी प्लास्टिकची पट्टी होती, जिच्यामुळे पिशवी उभी राहत असे. ती पट्टी कशात बसवली आहे हे बघायला अस्तर काढावे लागले. अस्तर काढल्यावर खिसे निराधार झाले.

नंबरवाले संध्याकाळी कामावरून आले तेव्हा त्यांची आयुष्यातली पहिली स्वतंत्र खरेदी एकसष्ट तुकड्यांत टेबलावर पसरली होती. लेक कॉलेजात इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. तिने प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर घालून भिंतीवर मोठा नकाशा लावला होता.

“आई, अकरा डावा की उजवा?”

“उजवा. डावा तुझ्या कोपराखाली आहे. अहो, तिथे बसू नका, तिथे पट्टे आहेत!”

नंबरवाले उभे राहिले. “हे... परत होणार आहे ना?”

“न व्हायला काय झालं? शिवलंय ते उसवता येतं, उसवलंय ते शिवता येतं.”

“सोमवारपर्यंत?”

“तुम्ही भिंग फोडता आणि मला घाई करता का कधी?” या प्रश्नाचा अर्थ नंबरवाल्यांना लागला नाही, पण त्याला उत्तर नाही एवढे कळले.

बुधवारपासून ताईंच्या बोलण्यात एक काळजी करण्यासारखा फरक पडला. सकाळी त्या “लुटतात मेले” म्हणत होत्या. दुपारी “तसं काम बरं आहे” म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला बोलावून, त्याचाच चष्मा त्याच्या डोळ्यांवर नीट बसवून, एक कोपरा दाखवला.

“बघा. वळताना सुई खाली रोवून कापड फिरवलंय. जिथे ताण येतो तिथे तीनदा टीप मारलीय. आत, जिथे कोणी मेलं बघणार नाही, तिथेसुद्धा काठ दुमडलेत. कोणी शिवली असेल हो? भेटायला हवं त्या माणसाला.”

“म्हणजे किमतीची आहे?” नंबरवाल्यांनी आशेने विचारले.

“तसं मी म्हटलं नाही. बुडाला फोमचा एकच थर दिलाय. कंजूषपणा. मी दोन घालणार.”

आता अशा माणसाच्या तोडीचे काम करायचे, तर माल हलका चालणार नव्हता. पाणी न शिरणारे कापड तंबू शिवणाऱ्याकडून आले. चेन तीन दुकानांतून नापसंत होऊन चौथ्यातून आली. बकलांचा खटका ताईंनी कानाशी धरून ऐकला आणि सात बकले आवाजावरून परत केली. ही सगळी ने-आण नंबरवाले जेवणाच्या सुट्टीत करत. मालाचेच पैसे मूळ पिशवीच्या निम्म्यावर गेले तेव्हा लेकीने विचारले, “आणि आई, तुझी मजुरी?”

“घरच्या कामाला कसली मजुरी?” ताई म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

इकडे दंतवैद्यांचे फोन येत होते. त्यांच्या खुर्च्या उघड्या पडल्या होत्या, आणि पेशंट उठताना रेग्झिन त्यांना चिकटून वर येत होते. “शनिवारी आणून देते, डॉक्टर,” असे ताई प्रत्येक वेळी सांगत आणि पुन्हा पिशवीत डोके घालत.

शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर दोन पिशव्या उभ्या होत्या. एक नवी शिवलेली, दुसरी उसवून परत शिवलेली. कंपनीचे शिक्के आणि पट्टीवर विणलेले पानाचे चिन्ह हुबेहूब हवे, नाहीतर परीक्षेला अर्थ नाही, असा लेकीचा आग्रह होता. म्हणून ताईंनी तेही करून टाकले होते. लेबल काढून कपबशीखाली ठेवले होते. निकाल मेहुणा देणार होता, कारण मैदानावर तोच जाणकार समजला जाई. घरोघरी पाण्याचे फिल्टर विकण्याचा त्याचा धंदा होता, आणि कुठल्याही वस्तूवर बोटांनी टकटक करून तिच्याबद्दल दहा मिनिटे बोलायची त्याला सवय होती.

शनिवारी सकाळी ताईंनी सगळ्यांना बाहेर काढून पिशव्या मांडल्या. कुठली कुठली, हे एकट्या त्यांनाच माहीत. मग दार उघडले.

मेहुण्याने दोन्ही पिशव्यांवर टकटक केली. वास घेतला. चेन ओढून कान लावला. पाठीवर घेऊन खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि हवेत एक काल्पनिक तबकडी फेकली.

“भावजी, यात विचार करण्यासारखं काहीच नाही. उजवी कंपनीची.”

“कशावरून?” ताईंनी विचारले.

“बूड बघ ना, ताई! काय भक्कम आहे! असं बूड घरी होत नाही, त्याला कारखाना लागतो. तुझी डावी वाईट नाही हं, मनाला लावून घेऊ नकोस. पण शेवटी कंपनी ती कंपनी.”

ताईंनी ओठ घट्ट दाबले. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून त्या कव्हरांचे गाठोडे बांधायला वळल्या. “मी दंतवैद्यांकडे जाऊन येते. संध्याकाळी सगळे बसून बोलू,” एवढेच त्या म्हणाल्या. आनंद पुरवून पुरवून खायची त्यांची पद्धत होती. त्या पद्धतीनेच या खेपेला घात केला.

घरी नंबरवाले एकटे उरले. लेक कॉलेजला गेली, मेहुणा फिल्टरला गेला. ते खुर्ची ओढून दोन पिशव्यांसमोर बसले. पाव नंबर ओळखणाऱ्या डोळ्यांनी त्यांनी अर्धा तास पाहिले आणि त्यांना फरक दिसला नाही. पण पाच दिवस त्यांनी दुसरे काहीतरी पाहिले होते. कोणी बघणार नाही अशा जागी काठ दुमडणारी आपली बायको त्यांनी पाहिली होती. उजवी पिशवी दुकानात मिळते. डावी कुठेच मिळत नाही. डावीच ठेवायची, असे त्यांनी ठरवले, आणि ते ठरवताना त्यांना थोडे भरून आले.

परतीची पिशवी न्यायला कुरियरवाले गृहस्थ चार वाजता यायचे ते साडेबारालाच आले. नंबरवाल्यांनी लेबल उजव्या पिशवीला बांधले. गृहस्थांनी चेन उघडली, चार फोटो काढले आणि विचारले, “वापरली नाही ना?”

“मी तर हातही लावला नाही,” नंबरवाले म्हणाले. स्वतःपुरते ते अगदी खरे होते.

ताई परत आल्या तेव्हा नवरा दारातच उभा होता, पाठीवर पिशवी, चेहऱ्यावर पहिल्या नंबराने पास झाल्याचा भाव.

“दिली परत!” तो म्हणाला. “कंपनीची दिली. तुझी ठेवली. मला हीच हवी होती. तिच्यात आणि हिच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे गं, हात लावल्याबरोबर कळतं.”

ताईंनी पिशवीच्या बुडाला अंगठा दाबला. मग पुन्हा दाबला. मग त्या हळूच खुर्चीत बसल्या.

“एकच थर आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे ही कंपनीची. माझी तुम्ही देऊन टाकलीत.”

नंबरवाल्यांनी पिशवी पाठीवरून उतरवून स्वतः बुडाला अंगठा दाबला.

“पण तो उजवी म्हणाला होता...”

“तो फिल्टर विकतो! तुम्ही नवरा आहात!”

“तूही काही बोलली नाहीस.”

“मी संध्याकाळी बोलणार होते! चहाबरोबर!” ताईंचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. “मेहनत मी केली, कापड मी आणलं...”

“कापड मी आणलं,” नंबरवाले अचूकतेच्या सवयीने म्हणाले आणि लगेच पस्तावले.

ताई आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, तोही जरा जास्त. नंबरवाल्यांनी पिशवी खाली ठेवली. ती आपोआप उभी राहिली. तिच्याकडे बघता बघता त्यांच्या काहीतरी लक्षात आले आणि ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“ऐक ना. ही पिशवी तू पूर्ण उसवलीस.”

भांडी आदळतच राहिली.

“एकसष्ट तुकडे होते. मग परत कोणी शिवली? हिच्यात कंपनीचा एक टाका राहिलाय का?”

भांडी थांबली.

“नाही राहिला,” ताई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

“मग माझ्याकडे आहे तीसुद्धा तुझीच की.”

ताईंनी बराच वेळ एकच पातेले पुसले. “हे आधी सुचलं असतं,” त्या शेवटी म्हणाल्या, “तर मी एवढी ओरडले नसते. चहा टाकू?”

तरीही दुसऱ्याचा माल आपल्या नावावर खपू देणे ताईंना जमत नसे, तसेच आपला माल दुसऱ्याच्या नावावरही. त्यांनी कंपनीला फोन लावून सगळे सरळ सांगितले. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात ऐकून घेतले.

“मॅडम, तुम्ही पाठवलेली बॅग आमच्या तपासणीत पास झालीय. उत्तम स्थिती असा शेरा आहे.”

“अहो, ती मी शिवलीय.”

“तसं असतं तर आम्हाला कळलं असतं, मॅडम.”

पैसे पुरते परत आले. आठ दिवसांनी लेकीला कंपनीच्या वेबसाइटच्या पानावर ती पिशवी दिसली. खाली लिहिले होते: ग्राहकाने परत केलेली, नव्यासारखी, दहा टक्के सूट. ताईंनी फोटो मोठा करून बघितला आणि त्यांचा पारा चढला.

“दहा टक्के? कशाबद्दल? काय खोट आहे तिच्यात?”

“परत आलेल्या मालावर देतात गं सूट,” नंबरवाले म्हणाले. “बरंच झालं. आपणच घेऊन टाकू, म्हणजे दोन्ही आपल्याकडे.”

“घ्यायची तर पूर्ण किमतीला घ्यायची. बुडाला दोन थर आहेत!” आणि त्यांनी पुन्हा फोन लावला.

“मॅडम, म्हणजे तुम्हाला सूट नकोय?” मुलीचा गोड आवाज पहिल्यांदा अडखळला.

“नकोय.”

“सूट नाकारायची आमच्याकडे सोय नाही, मॅडम.”

“मग वरच्या साहेबांना द्या.”

वरच्या साहेबांकडेही सोय नव्हती, पण त्यांनी आणखी वरच्यांना विचारायचे कबूल केले आणि संगीत लावून दिले. संगीत बावीस मिनिटे चालले. तेविसाव्या मिनिटाला लेक म्हणाली, “आई, ठेव फोन. गेली. कोणीतरी घेतली.”

ताई त्या दिवशी लवकर दुकान बंद करून बसल्या. कोण माणूस असेल, कसा वापरेल, पाण्यात तर नाही टाकणार, असे त्या मधूनमधून विचारत राहिल्या. नंबरवाल्यांनी आपली पिशवी ताईंच्या नजरेसमोरून उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

रविवारी सकाळी मेहुणा आला. तो आधी दारात आडवा उभा राहिला, मग पाठ वळवून उभा राहिला, म्हणजे पाहणाऱ्याला नीट दिसावे.

“घेतली!” तो म्हणाला. “तुमची परत गेली तेव्हापासून पानावर डोळा ठेवून होतो. दहा टक्के कमीत मिळाली, भावजी. तीच ती, उजवी!”

नंबरवाल्यांचे तोंड उघडले. ताईंनी नुसते पाहिले आणि ते मिटले.

“बघू,” ताई म्हणाल्या. त्यांनी पिशवी हातात घेतली, बुडाला अंगठा दाबला, कोपरे चाचपले. सगळे जागच्या जागी होते. “जरा महाग नाही पडली?”

“महाग? ताई, पैसा न् पैसा वसूल! तू शिवतेस त्यातलं तुला कळतं, पण हे काम वेगळं गं. शिवणारा कोण असेल तो असेल, त्याचे हात धरून ठेवावेत असं काम आहे.”

“हो का?” ताईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“आता एक कर. इथे टॉवेल अडकवायला छोटासा बंद लावून दे. पण टीप कंपनीच्या टिपेसारखी आली पाहिजे हं. वेगळी दिसली तर सगळी पिशवी बिघडेल. जमेल ना तुला?”

नंबरवाले घाईघाईने खिडकीशी गेले आणि बाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते. ताईंनी मशिनीसमोरची खुर्ची ओढली, रिळांच्या भिंतीवरून हात फिरवत न शोधता नेमका दोरा काढला आणि सुईत ओवला.

“प्रयत्न करते,” त्या म्हणाल्या. “पण मजुरी पडेल.”

“आँ? बहिणीकडे मजुरी? आजपर्यंत कधी घेतलीस?”

“कंपनीचा माल आहे बाबा,” ताई म्हणाल्या. “फार जपून हात लावावा लागतो.”